पहिल्या घरचं तीर्थ

पाय मागे गेला तेव्हा परातीतलं पाणी हललं, आणि तेवढंच. आवाज असा झालाच नाही. आत्तापर्यंत नागुबाईंच्या ओंजळीत होता तो उन्हानं रापलेला, टाचेला अजून भेगा न पडलेला तरणा पाय एकाएकी नव्हता, आणि ओंजळ मात्र तशीच परातीवर धरलेली राहिली होती. कुणी बोलता बोलता उठून जावं आणि आपण त्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसून राहावं, तशी. नागुबाईंनी वर पाहिलं नाही. पाय धुताना वर बघायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. लग्न होऊन या घराण्यात आल्या तेव्हा पार्वतीबाईंनी त्यांना पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं, तोंड बघितलंस तर माणूस दिसंल, आन् मग पाय धुववणार न्हाई. तेव्हापासून नागुबाईंनी फक्त पाय बघितले. आता बघायला पायही नव्हता. परातीच्या तळाशी बेलाचं एक पान चिकटलं होतं आणि वर पंखा कुरकुरत होता. मग खुर्ची सरकली. "चुकलं माय," असं कुणीतरी अगदी हळू म्हणालं, आणि दाराची कडी वाजली.

वसमत रोडवरच्या नागुबाईंच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मठातले नवे स्वामी पहिल्यांदा पाय पुढे करायला शिकत. मंत्र, पूजापाठ, लिंगदीक्षेचा विधी हे सगळं ते लांबच्या गुरुकुलातून घोकून येत. पण माणसांच्या घरात शिरायचं कसं, उंबऱ्यात कुणी रडत उभं असेल तर आधी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, पाचव्या घरचा चहा कुणाला न दुखवता कसा नाकारायचा, आजीच्या वयाच्या बाईनं पाय धुतले तर आपलं तोंड कसं ठेवायचं, हे पुस्तकात नसतं. त्यासाठी मठानं परभणीतली काही घरं ठरवून दिलेली होती आणि त्यातलं पहिलं घर नागुबाईंचं. का, तर त्या हळू बोलत आणि कुणाची तक्रार करत नसत. आणि त्यांचं व्रत पक्कं होतं. रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि सोमवारी जंगमाच्या, म्हणजे स्वामीच्या, पायाचं तीर्थ घेतल्याशिवाय अन्नाचा कण नाही. पहिल्या घरचं तीर्थ पुरं झालं की बाकीची घरं त्या पोराला उघडत. पण पहिल्या घरानं त्याचं तीर्थ अर्धं टाकून दुसऱ्याच्या पायाचं घेतलं आणि त्यावर उपास सोडला, की संपलं. कुणी काही बोलायचं नाही, कुणी कागद द्यायचा नाही. पोरगं आपली पिशवी भरून गावाकडच्या गाडीत बसायचं.

"पाय मागं घेतला की हो ह्यानं," सोफ्यावर बसलेले सांबप्पा म्हणाले. मठात नव्या स्वामींना वळण लावायचं काम त्यांच्याकडे होतं. एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये त्यांचा जन्म गेला होता आणि रिटायर झाल्यावरही सगळी माणसं त्यांना गाड्यांसारखीच दिसत. "गाडी फलाटाला लागली, पब्लिक चढलं, आन् ड्रायव्हरच उतरून गेला. आता काय करायचं?"

"ऊन लय हाय बाहेर," नागुबाई म्हणाल्या. "चपला घालून गेले का स्वामी?"

"चपलाचं सोडा. नागुबाई, ह्याला सोनपेठकडं लावायचं ठरलंय. तिथले जुने स्वामी लिंगैक्य झाले तवापासून चार गावची माणसं मयत मांडी घालून बसवून ठेवायलीत, आन् कुठला स्वामी मोकळा हाय म्हणून फोन लावत बसायलीत. जित्या बाईच्या हातात ह्याचा पाय ऱ्हाईना, मग मयताच्या डोईवर कसा ठेवील?"

आपल्यात माणूस गेला की त्याला बसवूनच माती देतात, आणि माती लोटायच्या आधी स्वामी त्याच्या डोक्यावर उजवा पाय टेकवून मंत्र म्हणतो. म्हणजे तो सुटतो. हे नागुबाईंनी लहानपणापासून इतक्यांदा बघितलं होतं की त्यात बघण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. अडीच वर्षांमागच्या त्या दुपारपर्यंत.

"तुमी उपाशी ऱ्हाऊ नका," सांबप्पा उठत म्हणाले. "गोळ्या चालू हाईत तुमच्या. दिवेलागणीच्या आत मी महारुद्र स्वामींना घेऊन येतो. त्यांचं तीर्थ घ्या, दोन घास खा. ह्या पोराचं आमी बघतो."

ते गेले. खुर्चीच्या पाठीला एक भगवी झोळी लटकत राहिली होती. पाय मागे घेऊन गेलेले ते नवे योगीराज स्वामी ती विसरले होते. नागुबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीला हात लावून त्या उठल्या. आधी एक गुडघा, मग थोडा दम, मग दुसरा. परात उचलून ओतावी की ठेवावी, हे त्यांना कळेना. तीर्थ झालंच नव्हतं, म्हणून ते तीर्थ नव्हतं. पण पाय लागला होता, म्हणून ते नुसतं पाणीही राहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी परात तशीच उचलून देवघराच्या बाजूला सरकवली आणि वर एक ताट झाकलं, जसं उशिरा येणाऱ्या माणसाचं जेवण झाकतात.

अशा उपाशी दुपारी त्यांना पूर्वी एक हलकेपण यायचं. डोकं स्वच्छ व्हायचं, पोटात एक शांत पोकळी पडायची, आणि तीर्थाचा घोट घशाखाली उतरला की ती पोकळी दिव्यानं भरल्यासारखी व्हायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं. ते कधी थांबलं ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता सोमवार म्हणजे नुसता सोमवार. पाट, परात, तांब्या, भस्माची वडी, बेल. वाकायचं, धुवायचं, अंगठ्यावरून पाणी सोडायचं, तळहातावर घ्यायचं, प्यायचं. पाणी पाण्यासारखं लागायचं. त्यातही हल्ली टँकरचं, म्हणजे किंचित खारट. त्या पीत, हात डोक्याला पुसत आणि घड्याळ बघून जेवत. भूक म्हणून नाही. गोळी घ्यायची म्हणून. व्रत मोडलं नव्हतं. व्रतच त्यांना धरून चालवत होतं, आंधळ्याला काठी चालवते तसं, आणि कधीकधी त्यांना वाटायचं की या काठीला सांगावं, बाई, आता थोडं बसू.

पाय मात्र आठवत. तोंडं आठवत नसत, कारण बघितलीच नव्हती. इथल्या जुन्या स्वामींची टाच म्हणजे उन्हाळ्यातलं काळं रान. भेगांत बोट जाईल अशी. ती धुताना काळजी घ्यावी लागे, कारण दुखलं तर ते बोलत नसत, फक्त त्यांचा अंगठा थोडा आत वळे. चारठाण्याकडचे एक स्वामी होते, त्यांच्या पायाला कायम गुरांचा वास. तो धुऊन जात नसे आणि नागुबाईंना तो आवडायचा. मग हे नवे यायला लागले. एकानं पाय धुऊन होईपर्यंत मोबाईलवर कुणाला तरी मेसेज केला होता. एकाच्या बोटांना गुदगुल्या होत. आणि महारुद्र. त्या पायाची तर सगळ्यांनी तारीफ केली होती. नितळ, गोरा, नखं काढलेली. पाट मांडायच्या आत पुढे आलेला. ओंजळीत असा पडायचा की जणू त्याला ओंजळीशिवाय दुसरी जागाच माहीत नव्हती. सांबप्पा तेव्हा म्हणाले होते, ही खरी लक्झरी गाडी, पोटातलं पाणी हलायचं न्हाई. नागुबाईही 'बरं हाय' म्हणाल्या होत्या, आणि बरंच होतं सगळं. नंतर मालक गेले. किराणा दुकानाच्या गादीवर आयुष्यभर मांडी घालून बसलेला तो माणूस खड्ड्यातही तसाच बसला होता, मान किंचित कलती ठेवून, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकून घेत असल्यासारखा. वरून महारुद्र स्वामींचा पाय आला. मंत्र बिनचूक होते, आवाज खणखणीत होता. पण पाय जो आला तो पायरीवर यावा तसा आला. पुढच्या पायरीवर जायचंय, मध्ये ही एक आहे, तिच्यावर टेकला आणि उचलला. कुणाला काही वावगं दिसलं नाही. नागुबाईंना दिसलं, कारण त्यांनी जन्मभर दुसरं काही बघितलंच नव्हतं. नवऱ्याच्या कपाळावरचं भस्म त्या टेकण्यानं जरासं पुसलं गेलं, आणि तेही कुणी नीट केलं नाही. त्यानंतरच्या सोमवारपासून पाणी पाण्यासारखं लागायला लागलं.

आणि आज दिवेलागणीला तोच पाय येणार होता. आपल्याला राग आलाय का, हे त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. राग नव्हता. रागाला लागणारी ताकदही नव्हती. नुसता एक शीण होता, हाडाच्या आत बसलेला. घेऊन टाकावं तीर्थ. पाय कुणाचाही असो, तो जंगमाचा. शास्त्र तेच सांगतं. घ्यावं, जेवावं, गोळी घ्यावी, पडावं. फक्त तिकडे एक पोरगं पिशवी भरेल. आपण उपाशी आहोत तोवर त्याचं काही ठरलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या जरा दचकल्या. आपलं रिकामं पोट म्हणजे कुणाच्या तरी घराचं उघडं दार आहे, असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

दुपारी सून आली. रुद्राणी शाळेत मास्तरीण होती. मुलगा शिवप्रकाश नोकरीनिमित्त आठवडाभर नांदेडला, त्यामुळे घरात या दोघीच. तिनं काखेतला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डायनिंग टेबलावर आधीच्या गठ्ठ्यांवर टाकला आणि सासूकडे बघितलं.

"जेवलात?"

"न्हाई."

"मग गोळी?"

"न्हाई."

"तीर्थाचं काय झालं?"

नागुबाईंनी सांगितलं. रुद्राणी ओढणीनं मान पुसत ऐकत राहिली. "आई, शुगर उतरून पडलात तर मला रजा काढावी लागंल, आन् माझ्या रजा तुमच्या मागच्या उपासात संपल्यात. ते महारुद्र स्वामी येणार हाईत ना? घ्या की मग. पाय तो पाय."

"हां," नागुबाई म्हणाल्या.

"असं हां म्हणता तवा तुमचं न्हाईच असतंय," रुद्राणी म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं लिंबाच्या पाण्याचा ग्लास आणून तिनं तो सासूच्या हाताशी ठेवला. साखर न घालता, मीठ न घालता, नुसतं पाणी आणि लिंबू. "हे तरी चालतंय का, का लिंबालाबी विचारावं लागंल?" नागुबाईंनी ग्लासाला हात लावला आणि तो गार असल्याचं बरं वाटलं म्हणून नुसता हातात धरून ठेवला.

उन्हं गॅलरीतून सरकत खुर्चीपर्यंत आली, झोळीवर चढली. नागुबाईंच्या डोळ्यांपुढे मधूनच पांढरं चमकून जाई. आत रुद्राणी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. अशा वेळी बेल वाजली आणि त्यांना वाटलं, आलेच सांबप्पा, सुटले मी. आणि या सुटले म्हणण्याची त्यांना शरम वाटली. दारात योगीराज स्वामी उभे होते. घामानं डबडबलेले, एकटे.

"शरणार्थ माय. झोळी ऱ्हायली माझी."

"शरणार्थ. या आत."

"न्हाई, इथूनच द्या."

"झोळी काय दारातून देतेत का स्वामी. बसा. पाणी घ्या."

ते बसले, खुर्चीवर नाही, दाराजवळच्या स्टुलावर, पिशवी घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. नागुबाईंनी आज पहिल्यांदा त्यांचं तोंड बघितलं. साधं होतं. नाकावर उन्हानं सोललेलं, दाढी नीट उगवलेली नाही. पार्वतीबाईंचं खरं होतं. तोंड बघितलं की माणूस दिसतो.

"पाय का हो मागं घेतला?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. भाजी का आणली नाही असं विचारावं तसं.

योगीराजनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "सांगू का? तुमी हसाल."

"लय दिवस झाले हसून. सांगा."

"तुमी वाकलात ना, तवा तुमचे गुडघे वाजले. कटकन. माझ्या आज्जीचे वाजायचे तसे. मग मला पुढचं काई ऐकूच येईना. मंत्र म्हणायलो होतो तोबी ऐकू येईना. पाय कवा मागं आला ते मलाच कळलं न्हाई."

नागुबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता. इतकी वर्षं इतके पाय या हातांतून गेले. जुन्या स्वामींना ऐकू कमी यायचं, ते ठीक. पण बाकीचे सगळे धडधाकट कानांचे होते. मालकसुद्धा शेजारीच हात जोडून बसलेले असायचे.

"दोन्ही वाजले का एक?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"डावा जुना हाय. उजवा नवीनच लागलाय वाजायला." आणि त्या हसल्या, आवाज न करता, पण खांदे हलले. योगीराज घाबरून बघत राहिला.

"सोनपेठकडं जायचं म्हणं तुमाला," त्या मग म्हणाल्या. "मयताच्या डोईवर पाय ठेवावा लागतोय."

"माहीत हाय. समदं पाठ हाय माय."

"पाठ असतंयच. जमंल का?"

त्यानं बराच वेळ आपल्या पायांकडे पाहिलं. "ठेवीन. पर लय जड व्हईल पाय."

हे ऐकलं तेव्हा नागुबाईंच्या आत काहीतरी जागचं हललं, सकाळच्या परातीतल्या पाण्यासारखं. त्यांना खड्ड्यातली ती कलती मान दिसली आणि तिच्यावर, पायरीवर नव्हे, डोक्यावर, एक जड, भ्यालेला, माणसाचा पाय. "जड होऊ द्या," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्याला कळाया पायजे की कुणीतरी टेकलंय. पर मागं घ्यायचा न्हाई. माझे गुडघे माझे हाईत, त्येंचं मी बघीन. आन् पाय हातात दिला की तो तुमचा ऱ्हात न्हाई. तुमचाच असता तर मी कशाला धुतला असता?"

त्या उठल्या. झाकलेल्या परातीतलं पाणी त्यांनी गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या बेलाच्या रोपाला घातलं, परात घासली, नवं पाणी घेतलं. पाट मांडला. भिंतीला धरून खाली बसायला गेल्या आणि अर्ध्या वाटेवर भिंतच हलली. रुद्राणी फोन टाकून धावत आली, काखेत हात घालून तिनं त्यांना धरलं.

"खाली बसू नका आई. एकदा बसलात तर तुमाला उठवायला सोसायटी बोलवावी लागंल."

नागुबाई उभ्या राहिल्या. श्वास खाली बसू दिला. समोर डायनिंग टेबल होतं. शिवप्रकाशनं हौसेनं घेतलेलं. त्यावर घरातलं कुणी कधी जेवलं नव्हतं. तिथे फक्त पेपर, पावत्या आणि इस्त्रीचे कपडे. त्यांनी ते आपल्या कमरेपाशी किती येतं ते डोळ्यानं मापलं.

"स्वामी, वर बसा."

"कुठं?"

"टेबलावर."

"जेवायच्या टेबलावर, माय?"

"त्याच्यावर कुणी जेवत न्हाई महाराज," रुद्राणी गठ्ठे उचलत म्हणाली. "सातवी ब तेवढी झोपलेली असती. थांबा, पुसून देते." तिनं पुसलं, वर धुतलेली चादर घडी करून अंथरली, आणि मागे होऊन हात जोडून उभी राहिली. मग तिला हसू आलं आणि तिनं ओठ दाबले. योगीराज टेबलावर चढून बसला. पाय अधांतरी लोंबत होते. शाळेच्या कठड्यावर बसल्यासारखा दिसत होता तो. नागुबाईंनी स्टुलावर परात ठेवली, पदर नीट केला आणि उभ्या उभ्याच त्याचा उजवा पाय उचलून ओंजळीत घेतला.

पाय थरथरत होता. तो मागे जायला निघाला आणि गेला नाही; त्यांना ते त्याच्या पोटरीत कळलं, दोराला ओढ बसावी तसं. मंत्र सुरू झाला, अडखळला, पुन्हा सुरू झाला. आणि मग हळूहळू त्या पायानं आपलं वजन सोडलं. सगळं. महारुद्रचा पाय इतक्या वेळा धुतला, पण त्याचं वजन काय हे त्यांना कधी कळलं नव्हतं. हा जड होता. त्यांच्या उपाशी हातांना तो पेलताना श्रम पडत होते. त्यांनी घोटा धुतला, बोटांच्या बेचक्या धुतल्या, दिवसभर ऊन तुडवलेल्या तळव्यावरून अंगठा फिरवला, भस्म लावलं, बेल वाहिला. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. रुद्राणीनं दार उघडलं. सांबप्पा आणि त्यांच्या मागे महारुद्र स्वामी, धुतल्या तांदळासारखे. दोघंही उंबऱ्यातच थबकले.

"नागुबाई," सांबप्पा म्हणाले, "हे काय मांडलंय?"

नागुबाईंनी वर पाहिलं नाही. "तीर्थ चालू हाय अप्पा. टेका तिथं."

"गाडी पार टपावर चढवली की तुमी," ते पुटपुटले, पण बसले. महारुद्र स्वामींना बसायला सोफ्याचा कोपरा उरला होता, तिथे ते नीट पाय जुळवून बसले. बाहेर वसमत रोडला गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. नागुबाईंनी अंगठ्यावरून पाणी सोडलं, तळहातावर घेतलं आणि पिऊन टाकलं.

पाणी टँकरचं होतं; खारट, त्यात भस्माची राख आणि बेलाचा तुरटपणा. पोकळी भरली नाही. दिवाबिवा काही लागला नाही. त्या जराशी वाट बघत उभ्या राहिल्या, ओला हात डोक्यावर तसाच ठेवून. मग त्यांच्या पोटातून एक लांबलचक गुरगुर निघाली, भरल्या बैठकीत, अगदी स्पष्ट. आणि टेबलावर बसलेल्या योगीराजनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. ऐकलं होतं त्यानं.

"रुद्राणी," नागुबाई म्हणाल्या, "भाकरी टाक. लय भूक लागलीय मला."